डोक्यावरचा दगड

फरशी ही पायाखालची वस्तू. पण हल्ली ती पायाखालून निघून भिंतीवर चढली आहे आणि भिंतीवरून थेट छताला जाऊन चिकटली आहे! बंगल्याचा पोर्च, लिफ्टची लॉबी, हॉटेलचं रिसेप्शन, कुठे कुठे तर बाथरूमसुद्धा. खाली जो ग्रॅनाइट तोच वर. दिसतं झकास, त्यात वादच नाही. पण मित्रांनो, आपण सिव्हिलवाले. अशा छताखाली उभं राहिल्यावर आपल्या मनात पहिला प्रश्न यायला हवा तो हा, की हा दगड वर राहिलाय तो कोणाच्या भरवशावर?

आधी वजन काढू. ग्रॅनाइटची घनता साधारण २७०० किलो प्रति घनमीटर. २० मिमी जाडीची फरशी घेतली तर एका चौरस मीटरला ५४ किलो. ६०० बाय ६०० मिमीचा, म्हणजे आपला दोन बाय दोन फुटी तुकडा, साडेएकोणीस किलोच्या आसपास जातो. घरातल्या रिकाम्या गॅस सिलिंडरपेक्षा जास्त. छत दहा फुटांवर असेल तर तो माणसाच्या डोक्यापर्यंत येईतो ताशी १८ किलोमीटरचा वेग घेतो. फर्स्ट इयरच्या फिजिक्सचं गणित आहे, करून बघा. भिंतीवरची फरशी सुटली तर निदान आधी फुगते, घसरते, खालच्या फरशीवर टेकते. छतावरच्या फरशीला टेकायला काहीच नाही.

आता गंमत बघा. स्टोन अ‍ॅडेसिव्हच्या पाकिटावर चिकटण्याची ताकद लिहिलेली असते. समजा ती १ न्यूटन प्रति चौरस मिमी आहे. आपल्या फरशीचं वजन भागिले क्षेत्रफळ केलं तर उत्तर येतं ०.०००५३. म्हणजे अ‍ॅडेसिव्ह गरजेपेक्षा जवळजवळ १९०० पट मजबूत! फॅक्टर ऑफ सेफ्टी १९०० असलेली दुसरी कुठली वस्तू आपल्याला माहीत आहे का? याच हिशोबावर विसंबून मिस्त्री लोक फरशी वर थापतात, खाली दोन दिवस टेकू देतात आणि मग टेकू काढून घेतात. बहुतेक वेळा फरशी राहतेसुद्धा. मग भीती कसली?

भीती अशी की दगड आणि स्लॅब यांच्यामध्ये फक्त अ‍ॅडेसिव्ह नसतं. दगडाच्या पाठीला, विशेषतः मार्बलच्या, बऱ्याचदा फायबरची जाळी रेझिनने चिकटवलेली असते. म्हणजे आपलं अ‍ॅडेसिव्ह दगडाला लागतच नाही, जाळीला लागतं. दुसऱ्या बाजूला स्लॅबवर सेंट्रिंगच्या तेलाचा थर, त्यावर गिलावा, गिलाव्यावर कधी कधी चुना किंवा पुट्टी. सगळे थर एकाखाली एक लटकलेले, आणि त्यातला सगळ्यात कच्चा थर जेवढा मजबूत तेवढंच आपलं छत मजबूत. पावसाळ्यात छताच्या गिलाव्याचे पोपडे कसे आपोआप खाली येतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्या पोपड्याला ५४ किलोचा दगड बांधलाय अशी कल्पना करा.

शिवाय आपण सगळं वजन सगळ्या क्षेत्रफळावर सारखं वाटलं, ते फक्त वहीत. प्रत्यक्षात अ‍ॅडेसिव्ह ठिपक्या-ठिपक्यांनी लावलेलं असतं, मध्ये पोकळी असते. सेलोटेप सरळ ओढली तर निघत नाही, पण एक कोपरा उचकटला की फर्रकन निघते. फरशीचंही तसंच. एक कडा सुटली की ताण सगळा त्या कडेवर येतो आणि मग १९०० चा आकडा काही उपयोगाचा राहत नाही. त्यात गच्चीचा स्लॅब उन्हाने तापतो, वाकतो, रात्री परत येतो. दगड मात्र ताठ. रोजची ही ओढाताण कडेलाच होते.

आणि या सगळ्याच्या वर आहे 'क्रीप'. मटेरियल्सच्या पेपरला दोन मार्कांना येतो तोच. भाजीने भरलेली प्लास्टिकची पिशवी खुंटीला अडकवून ठेवा. अडकवल्या क्षणी काही होत नाही. पण संध्याकाळपर्यंत बंद ताणून लांब होतात आणि कधीतरी रात्री पिशवी खाली. वजन तेच होतं, वाढलं ती फक्त वेळ. एका बांधकामावर मी मिस्त्रींना चिकटवण्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "ताई, हे केमिकल असलं आहे की हत्ती लटकवला तरी सुटणार नाही." मी म्हटलं, "काका, हत्ती दोन मिनिटं लटकेल हो, दहा वर्षं लटकेल का?" त्यावर ते हसले आणि चहा मागवला!

पण हा हसण्याचा विषय नाही. अमेरिकेत बॉस्टन शहराखालून जाणाऱ्या बोगद्यात काँक्रीटच्या पॅनेलचं छत लटकवलेलं होतं. वरच्या काँक्रीटमध्ये भोकं पाडून त्यात एपॉक्सीने बोल्ट चिकटवले होते. बसवताना बोल्ट ओढून पाहिले, टेस्टमध्ये पास झाले. रस्ता २००३ मध्ये सुरू झाला. १० जुलै २००६ च्या रात्री सुमारे २६ टनांचं छत खाली चाललेल्या एका गाडीवर कोसळलं आणि गाडीतल्या बाईंचा जीव गेला. २००७ च्या सरकारी चौकशी अहवालात कारण स्पष्ट लिहिलं आहे. वापरलेलं एपॉक्सी लवकर सेट होणाऱ्या प्रकारचं होतं. थोड्या वेळाच्या लोडला ते पुरेसं होतं, पण कायमच्या वजनाखाली हळूहळू ताणत गेलं. सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या भागात काही बोल्ट खाली सरकलेले १९९९ मध्येच सापडले होते.

जपानमध्ये २ डिसेंबर २०१२ रोजी सासागो बोगद्यात असंच झालं. १९७७ मध्ये सुरू झालेला बोगदा, छताला काँक्रीटचे पॅनेल, त्यांना धरणारे बोल्ट रेझिनने चिकटवलेले. नऊ माणसं गेली. आपला पोर्च म्हणजे बोगदा नव्हे हे खरं, पण गुरुत्वाकर्षण तेच आहे.

जुन्या लोकांना हे कळत होतं असं मला वाटतं. हेमाडपंती देवळाच्या मंडपात मान वर करून बघा. एवढाले दगड डोक्यावर, पण लटकलेला जवळजवळ एकही नाही. प्रत्येक दगड कुठेतरी खालून टेकलेला असतो, खांबावर, तुळईवर, नाहीतर कोपऱ्यातून पुढे काढलेल्या दुसऱ्या दगडावर. दगडाला दाबलं तर तो शेकडो वर्षं राहतो, ओढलं तर रुसतो.

आजच्या पद्धतीतही तत्त्व हेच, की दगडाला खालून किंवा आतून धरायचं. अ‍ॅडेसिव्ह असलं तर असू दे, पण उद्या ते पूर्ण सुटलं तरी फरशी खाली येता कामा नये. यासाठी स्लॅबला स्टीलच्या रॉडने एक सांगाडा टांगतात आणि फरशी त्या सांगाड्यात अडकवतात. एक प्रकार म्हणजे फरशीच्या कडेत खाच किंवा भोक पाडून त्यात स्टेनलेस स्टीलची पट्टी किंवा पिन घालायची. दुसरा जास्त चांगला. फरशीच्या पाठीत एक भोक पाडतात, जे आत गेल्यावर रुंद होतं. त्यात अँकर घालून फुलवला की तो ओढूनही बाहेर येत नाही. याला अंडरकट अँकर म्हणतात. साधं लोखंड मात्र अजिबात नको, ते गंजून फुगतं आणि दगडच फोडतं.

फरशीला चार कोपऱ्यांत चार अँकर दिले तर प्रत्येकावर पाच किलोपेक्षा थोडं कमी वजन येतं. आता एक अँकर गेला असं धरा. बाकीच्या तिघांवर वजन सारखं वाटलं जाईल असं वाटतं ना? नाही! फरशीचा गुरुत्वमध्य उरलेल्या दोन समोरासमोरच्या अँकरना जोडणाऱ्या कर्णावरच येतो, म्हणून सगळं वजन त्या दोघांवर पडतं आणि तिसरा नुसता उभा राहतो. म्हणजे प्रत्येकावर दुप्पट. तेव्हा प्रत्येक अँकर निदान अर्ध्या फरशीच्या वजनाला डिझाइन करायचा, आणि त्यावर फॅक्टर ऑफ सेफ्टी वेगळा.

एवढं करूनही लोक चुकतात ते वरच्या टोकाला, स्लॅबमध्ये. स्लॅबच्या मध्यावर खालची बाजू टेन्शनमध्ये असते, बारीक भेगा तिथेच येतात, आणि आपण भोक पाडतो तेही तिथेच. फास्टनर भेगेवर आला की साध्या फास्टनरची पकड सैल होते, म्हणून भेगा गेलेल्या काँक्रीटसाठी तपासलेलाच फास्टनर घ्यावा. प्लास्टिकचा प्लग आणि स्क्रू इथे अजिबात चालणार नाही. सळया खालून वीस-पंचवीस मिमीवरच असतात, त्यामुळे ड्रिल मारण्याआधी त्या कुठे आहेत ते शोधायला हवं. केमिकल अँकर वापरायचाच असेल तर कायमच्या ओढीसाठी प्रमाणित केलेला, आणि भोकातली धूळ ब्रश मारून व फुंकून पूर्ण काढल्याशिवाय नाही. अमेरिकेच्या २०११ च्या काँक्रीट कोडने असे वरच्या दिशेने बसवायचे आणि कायम ओढ सोसणारे अँकर फक्त सर्टिफिकेट असलेल्या कारागिरानेच बसवावेत असा नियम घातला.

खर्च ऐकून घरमालक नाराज होतो. त्याच्यासाठी एक मधला मार्ग आहे. दगडाचा फक्त पाच मिमीचा पापुद्रा काढून तो अ‍ॅल्युमिनियमच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पॅनेलवर चिकटवलेला मिळतो. चौरस मीटरला ५४ च्या जागी पंधरा-सोळा किलो, आणि दिसायला दगडच. तोही अडकवूनच बसवायचा, नुसता चिकटवायचा नाही. ज्याच्या घरी फरशी आधीच चिकटवून झाली आहे त्याने पावसाळ्याआधी आणि नंतर लांब काठीने प्रत्येक फरशी ठोकून आवाज ऐकावा, आणि ठोकताना स्वतः बाजूला उभं राहावं. आवाज पोकळ आला की त्याखालची गाडी, सायकल, पाळणा जे काही असेल ते त्याच दिवशी हलवावं. फरशीला टेकू द्यायचं काम मग मिस्त्रीकडून करून घ्यावं.