मानुका मध आणि आपला जांभूळ-कारवीचा मध

मुंबईच्या मोठ्या दुकानांत हल्लीं न्यूझीलंडहून आलेला ‘मानुका’ नांवाचा मध विकावयास असतो. लहानशा बाटलीस हजारों रुपये पडतात, तरी गिऱ्हाईक तो नेतें. नांवावरून कोणी तो आपल्या मनुकांचा, म्हणजे वाळलेल्या द्राक्षांचा, समजतात. पण मानुका हें तिकडील एक रानझुडूप आहे. इकडे कुळगांवच्या पलीकडे बारवीच्या रानांत निघणाऱ्या मधास मात्र गिऱ्हाईक कमी भावांत मागतें, आणि “हा खरा कशावरून?” असें विचारलें असतां विकणारास उत्तर सुचत नाहीं. हें अंतर कां पडलें, याचा मधुपेट्या ठेवणाऱ्या शेतकऱ्यानें विचार केला पाहिजे.

प्रथम गुणांकडे पाहूं. कोणत्याहि शुद्ध मधांत पाणी थोडें व साखर फार असते, शिवाय तो आम्ल असतो. म्हणून त्यांत जंतु वाढत नाहींत. माशांनीं त्यांत मिसळलेल्या पाचक द्रव्यामुळें मध पातळ होतांच हायड्रोजन पेरॉक्साइड हें जंतुनाशकहि तयार होतें. एवढा गुण आपल्या सातेरी माशीच्या मधांतहि आहे. मानुकाची गोष्ट थोडी निराळी. वायकाटो विद्यापीठाचे पीटर मोलन यांनीं १९८० नंतरच्या दशकांत असें दाखविलें कीं, पेरॉक्साइड नाहींसें केलें तरी या मधाची जंतुनाशक शक्ति उरते. ती मिथाइलग्लायोक्झाल या द्रव्यामुळें आहे, असें २००८ मध्यें जर्मनींतील ड्रेस्डेन येथें थॉमस हेन्ले व त्यांचे सहकारी यांनीं सिद्ध केलें. मानुकाच्या मकरंदांत डायहायड्रॉक्सिॲसिटोन असतें. मध साठून राहिला म्हणजे त्यापासून हें द्रव्य बनतें.

या गुणामुळें निर्जंतुक केलेला मानुका मध जखमांच्या पट्ट्यांत वापरतात. परंतु तो खाल्ल्यानें नाना रोग बरे होतात, हें सिद्ध झालेलें नाहीं. खोकल्यावर घसा मऊ करण्यास कोणताहि स्वच्छ मध चालतो. वैद्य सितोपलादि चूर्ण ज्यांतून देतात तोहि हाच आपला मध होय. पेटींतून काढलेला मध मात्र खोल जखमेवर लावूं नये. एक वर्षाच्या आंतील मुलास तर मध मुळींच चाटवूं नये. त्यांत क्वचित् बोटुलिझम रोगाचे बीजाणु असतात व तान्ह्या मुलाच्या जिवास धोका होतो. मधुमेह्यानेंहि मध ही साखरच समजावी.

आपलें बदलापूरचें जांभूळ हें वनस्पतिशास्त्राप्रमाणें मानुकाच्याच कुळांतलें आहे. तेवढ्यावरून जांभळाच्या मधांत मानुकाचा गुण आहे असें म्हणणें मात्र चुकीचें होईल. आपल्या मधाची किंमत वाढवावयाची तर ती परक्या गुणाचें नांव लावून नव्हे, खरेपणा सिद्ध करून वाढविली पाहिजे.

न्यूझीलंडनें तेंच केलें. नकली मानुकाचा बोभाटा झाल्यावर २०१७ सालीं तेथील सरकारनें व्याख्याच ठरविली. चार रासायनिक द्रव्यें व मानुकाच्या परागांतील डीएनए, या पांचहि खुणा मिळाल्यावांचून मानुका म्हणून मध परदेशीं पाठवितां येत नाहीं. गिऱ्हाईक पैसे देतें तें पुष्कळ अंशीं या खात्रीबद्दल.

आपल्याकडील स्थिति काय? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें २०२० सालीं १३ छापांच्या मधाचे २२ नमुने तपासविले. सर्व कसोट्यांस उतरले ते अवघे ५. उंसाचा व मक्याचा पाक कार्बनच्या परीक्षेनें पकडतां येतो. तांदळाचा पाक त्या परीक्षेंतून निसटतो व त्यासाठीं निराळ्या परीक्षा लागतात. मग घरगुती परीक्षांची कथा ती काय? वात पेटविणें, पाण्यांत थेंब सोडणें, मुंगी लागते कीं नाहीं पाहणें, यांतून कांहींच ठरत नाहीं. दाट पाकाचा थेंबहि तळाशीं जातो, आणि ओला पण खरा मध वातीवर तडतडतो. थंडींत मध थिजून दाणेदार झाला म्हणजे साखर घातली असेंहि नव्हे. ते त्यांतील द्राक्षशर्करेचे स्फटिक होत.

कायद्याप्रमाणें मधांत पाणी शेंकडा २० हून व सुक्रोज साखर शेंकडा ५ हून अधिक नसावी. कारवीच्या मधास मात्र सुक्रोजची मर्यादा शेंकडा १० आहे, कारण त्यांत ती स्वभावतःच अधिक असते. सात-आठ वर्षांनीं एकदां फुलणाऱ्या आपल्या सह्याद्रींतील कारवीची कायद्यानें नांवानिशीं दखल घेतली आहे, हें पुष्कळांस माहीत नसेल.

यास्तव पुढील गोष्टी पाळाव्या. (१) पावसाळ्यांत पेट्यांस साखरेचा पाक द्यावा लागतो. फुलोरा लागण्यापूर्वीं तो बंद करावा व पाकावर साठलेला मध माशांसच राहूं द्यावा. तो बाजारांत गेला तर अजाणतां झाली तरी ती भेसळच होय. (२) पोळ्याचीं बहुतेक घरें मेणानें झांकलीं गेल्यावरच मध काढावा, व तो पोळें पिळून न काढतां यंत्रांत फिरवून काढावा. कच्चा व पिळलेला मध आंबतो. (३) मध तापवूं नये. आयुर्वेदांतहि त्यास मनाई आहे. आणि तापल्यानें वाढणारें एचएमएफ हें द्रव्य किलोमागें ८० मिलिग्रॅमपेक्षां अधिक झालें तर नमुना नापास होतो. (४) जांभळाचा, कारवीचा व मिश्र मध निरनिराळा ठेवून बाटलीवर फूल, गांव व महिना लिहावा. परागकण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून फूल ओळखतां येतें, म्हणून खोटें लिहिलें तर तें उघडकीस येतें.

प्रयोगशाळेचा खर्च एकट्यास जड जातो. दहा-वीस जणांनीं मिळून नमुना पाठविला तर तो झेपतो. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तेथें मार्गदर्शन घ्यावें. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें २०२२ मध्यें देशांतील पहिलें ‘मधाचें गांव’ ठरलें, तें एकट्यादुकट्याच्या नव्हे, साऱ्या गांवाच्या उद्योगावर. आपल्या रानांत जांभूळ आहे, कारवी आहे, सातेरीहि आहे. उणीव आहे ती विश्वासाची; आणि बाटलींत जें भरलें तेंच बाटलीवर लिहिलें, तर ती भरून निघण्यास उशीर लागणार नाहीं.