आधी आउटडोअरची जागा, मग तारीख

बंगळुरूला एसी कशाला, असं पुण्या-मुंबईचे नातेवाईक अजूनही विचारतात. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच असलेल्या गावाबद्दल तसं वाटणं साहजिक आहे. पण एप्रिल 2016 मध्ये इथला पारा 39.2 अंशांवर गेला होता. इथल्या शिवाजीनगरात भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या वरच्या मजल्यावर तर रात्री दहा वाजताही स्लॅबला हात लावला की तो तापलेला लागतो. मग एसी घ्यायचं ठरतं, दुकानात पैसे भरले जातात आणि कंपनीतून फोन येतो: इन्स्टॉलेशन कधी करायचं? घामाघूम झालेला माणूस सांगतो, उद्याच या. तंत्रज्ञ येतो, खिडकीतून बाहेर वाकून बघतो, भिंतीवर बोटाने टकटक करतो आणि ‘इथे नाही होणार’ म्हणून निघून जातो. पुन्हा तक्रार नोंदवा, पुन्हा वाट बघा. तीही ऐन हंगामात.

हे टाळायचं तर तारीख देण्याआधी घर नीट बघून ठेवायला हवं. बहुतेक जण सुरुवात पलंगापासून करतात: वारा अंगावर कुठून यावा, पडद्याच्या वर डबा कसा दिसेल. सुरुवात बाहेरून करावी.

एसी गारवा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेतो. इनडोअरच्या कॉइलमधून जाणारा गॅस ती शोषून घेतो. आउटडोअरमधला कॉम्प्रेसर तोच गॅस दाबून तापवतो आणि तिथला पंखा ती उष्णता बाहेरच्या हवेत सोडतो. म्हणजे बाहेरच्या डब्याला श्वास घ्यायला जागा नसेल, तर आतला डबा कितीही महागडा असला तरी उपयोग नाही. मागे साधारण फूटभर आणि पुढे दोन-तीन फूट मोकळी जागा हवी. नेमका आकडा मशीनच्या पुस्तिकेत असतो.

शिवाजीनगरातल्या रसेल मार्केटच्या आसपासच्या गल्ल्यांत नेमकी हीच जागा नसते. समोरच्या घराची खिडकी हाताच्या अंतरावर. अशा फटीत डबा टांगला तर त्याने फेकलेली गरम हवा समोरच्या भिंतीवर आपटून परत त्याच्याकडेच येते. वीज जास्त जाते, खोली गार व्हायला वेळ लागतो आणि समोरचं कुटुंब उन्हाळाभर खिडकी बंद ठेवून आपल्या नावाने बोटं मोडतं. अशा घरांत आउटडोअर गच्चीवर नेणं बरं. फक्त मग तांब्याच्या पाइपांची लांबी वाढते. मशीनबरोबर बहुधा तीन मीटरचा पाइप येतो, त्यापुढचा मीटरवर किंवा फुटावर विकत घ्यावा लागतो. तांब्याचा भाव पाहता ही रक्कम किरकोळ नसते.

पाइप किती लागेल ते मोजायला सुतळीचा एक गुंडा पुरतो. इनडोअर जिथे बसणार तिथे एक टोक धरा. सुतळी भोकाच्या जागेपर्यंत न्या, खिडकीतून बाहेर सोडा, भिंतीच्या कडेने, छज्जा असेल तर त्याला वळसा घालून, गच्चीवरच्या जागेपर्यंत ओढा आणि मग टेपने मोजा. डोळ्यांनी पंधरा फूट वाटणारं अंतर वळणं धरून बावीस-तेवीस निघतं. हा आकडा आणि दोन्ही जागांचे फोटो आधीच पाठवले, की स्टँड, जादा पाइप, भोक पाडणं यांचा खर्च फोनवरच विचारता येतो. उंच भिंतीवर बाहेरून लटकून काम करायचं असेल तर तेही आधी सांगायला हवं. आउटडोअरचं वजन पंचवीस-तीस किलो किंवा त्याहून जास्त असतं. पट्टा आणि दोरीशिवाय कुणाला छज्ज्यावर उभं करू नये, तो स्वतः तयार असला तरी.

आता भिंत. ब्रिटिश कँटोन्मेंटच्या काळातली काही घरं इथे अजून उभी आहेत. त्यांच्या भिंती विटा आणि चुन्याच्या, फूट-दीड फूट जाड. नेहमीचा ड्रिलचा बिट अशा भिंतीत अर्ध्यावरच संपतो, म्हणून जाडी आधी सांगावी. खिडकीच्या चौकटीपाशी ती सहज मोजता येते. चुन्याचा गिलावा मऊ असतो, त्यात ठोकलेला फास्टनर वजन धरेलच असं नाही. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालावा किंवा स्टँड जमिनीवर ठेवावा. काही घरांचं छत मद्रास टेरेसचं असतं: लाकडी वासे, त्यावर चुन्यात बसवलेल्या उभ्या विटा. तिथे आउटडोअर छताच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या माथ्याजवळ ठेवावा आणि छतात भोक अजिबात पाडू नये. एकदा गळायला लागलेलं असं छत दुरुस्त करणारा गवंडी आज शोधावा लागतो.

भाड्याचं घर असेल तर यातलं काहीही मालकाला विचारल्याशिवाय करू नये. ‘दीवार में होल नक्को’ हे उत्तर भोक पाडण्याच्या आदल्या दिवशी ऐकलेलं परवडतं. होकार मिळाला तर तो व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या, घर सोडताना भोक बुजवण्याचा खर्च कुणाचा हेही त्यातच येऊ द्या.

एसी किती टनाचा, यावर फार डोकं खाजवू नये. शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या खोलीला एक टन, दीडशे-पावणेदोनशेला दीड टन. वर गच्ची आणि पश्चिमेचं ऊन असेल तर एक पायरी वर.

विजेचं मात्र कागद काढून बघायचं. बेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावर मंजूर भार किलोवॉटमध्ये छापलेला असतो. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॉटच असू शकतो. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना दीड किलोवॉटच्या पुढे जातो, गिझर दोन किलोवॉटचा. सकाळी दोन्ही लागले की मंजूर भार ओलांडला. भार वाढवायचा तर अर्ज ज्याच्या नावावर मीटर आहे त्याच्याकडूनच करवून घ्यावा, आणि त्याबरोबर महिन्याचा स्थिर आकारही वाढतो. इलेक्ट्रिशियनला आधी वेगळा बोलावून बोर्डापासून एसीसाठी स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी: तांब्याची 4 चौरस मिलिमीटरची वायर, वेगळा एमसीबी, 16 अँपियरचा सॉकेट आणि खरोखर जमिनीत गेलेलं अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो, तिसऱ्या भोकामागे वायर असतेच असं नाही. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघायला सांगा. एक्स्टेन्शन बोर्डवर एसी चालवू नये.

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत वीज फुकट मिळत असेल तर आणखी एक हिशेब आहे. महिन्याला 200 युनिट ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. रात्रीचे आठ तास चालणारा एक टनाचा इन्व्हर्टर एसी रोज चार-पाच युनिट घेतो असं धरलं, तर महिन्याला सव्वाशे-दीडशे युनिट त्याचेच झाले. बाकीचं घर उरलेल्यात बसतं का, ते जुन्या बिलांवरून कळेल.

पाण्याकडे लोक शेवटी बघतात. इनडोअरमधून थेंब-थेंब पाणी निघतं, पावसाळ्यात जास्त. ड्रेन पाइप सतत उतरता हवा आणि त्याचं टोक मोरीत किंवा पावसाच्या पाइपात जायला हवं. गल्लीत सोडलं तर खालच्या हातगाडीवाल्याच्या डोक्यावर पडतं. मग भांडणाला कारण शोधावं लागत नाही.

एवढं झाल्यावर तारीख. सकाळची पहिली वेळ मागा. दुपारनंतर कमर्शियल स्ट्रीटच्या बाजूने सामान घेऊन गल्लीत शिरणं कठीण होतं. हंगाम संपल्यावर घेणार असाल तर 29 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर हे दिवस टाळा. सेंट मेरी बॅसिलिकाच्या उत्सवात या भागात तुडुंब गर्दी असते आणि 8 तारखेला रथाची मिरवणूक निघते. ठरवलेल्या दिवशी आपल्या भागात बेस्कॉमची आधी जाहीर केलेली वीजकपात तर नाही ना, तेही बघा. वीज नसेल तर ना ड्रिल चालेल ना व्हॅक्यूम पंप. 1912 वर विचारता येतं.

या पंपाबद्दल फोनवरच खात्री करून घ्या. पाइप जोडल्यावर त्यात राहिलेली हवा आणि बाष्प पंपाने ओढून काढावं लागतं. घाईतला माणूस पंप न आणता थोडा गॅस सोडून हवा ‘ढकलून’ देतो. एसी त्या दिवशी गार करतो, पण आत राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसरला बाधते. पंप पंधरा-वीस मिनिटं चालला पाहिजे आणि गेजचा काटा नंतर जागेवर थांबला पाहिजे. मगच आउटडोअरचे वाल्व्ह उघडायचे. त्यानंतर जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. आजच्या बऱ्याच मशीनमध्ये आर-32 गॅस असतो, तो सौम्य ज्वलनशील आहे. त्यामुळे हे चालू असताना जवळ बिडी-सिगारेट नको.

काम संपलं की तंत्रज्ञ मोबाइलवर आलेला ओटीपी मागतो. तो दिला की कंपनीच्या लेखी काम पूर्ण. म्हणून आधी इनडोअरची जाळी उघडून खालच्या ट्रेमध्ये मगभर पाणी ओतायला सांगा, ते मोरीत पडताना बघा, मशीन वीस मिनिटं चालू द्या, बिलावर जादा पाइपचे मीटर आपल्या सुतळीच्या मापाशी ताडून घ्या, आणि मग ओटीपीचा आकडा सांगा.