ठसठशीत की नाजूक?

१९५९ साली पहिली झोतभट्टी पेटल्यानंतर ज्या भिलाईत देशाच्या नाना मुलखांतून आलेली कुटुंबे पोलाद कारखान्याच्या सेक्टरांत एकमेकांची शेजारी झाली, त्या आमच्या गावी अलंकारांच्या दोन भिन्न अभिरुची एकाच बाजारपेठेत पाहावयास मिळतात, आणि जिज्ञासूंनी त्या अवश्य पाहाव्यात. छत्तीसगढी स्त्रीचा पारंपरिक कल चांदीच्या ठसठशीत जिनसांकडे: गळ्यात भरीव, वाटोळा सुता, दंडावर नागमोरी, मनगटात पीळदार ऐंठी, कमरेला करधन. आमच्या मराठी घरांत त्याउलट मोत्यांच्या कुड्या, चिंचपेटी किंवा ठुशी. आणि ठुशीचे ते बारीक सुवर्णमणी इतके दाट गुंफलेले असतात की ती गळ्यालगत बसते व दुरून एकसंध भासते. तथापि पुतळ्यांची माळ पुढे आली की ही सीमारेषा पुसट होते, कारण नाण्यांसारख्या चकत्यांची ती माळ इकडच्या रुपया-माळेची सख्खी बहीणच होय. माझी पसंती विचाराल, तर साध्या सुती लुगड्यावर एकटा सुता. दुसरा दागिना नको. आजीच्या पेटीतली जुनी चांदी मोडीत घालण्यापूर्वी, वाचकहो, ती एकवार अंगावर घालून पाहावी, एवढीच विनंती.