चमकीचं पाकीट नको, आजी-नातवाचा अर्धा तास विका

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण क्राफ्ट किटचं कॉस्टिंग बघितलं. त्यात एक गोष्ट सांगायची राहिली, ती इथे लिहिते. चूक माझीच आहे.

दिवाळीआधी माझ्या स्टेशनरीच्या दुकानात एक आजी आल्या. सोबत चार वर्षांचा नातू. भेटकार्डं करायची होती. मी कार्डपेपर, फेव्हिकॉल आणि सुट्या चमकीची पाच पाकिटं दिली. बिल चांगलं झालं, मी खूश!

दोन दिवसांनी आजी एकट्याच आल्या. रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "अगं, पंखा चालू होता. चमकी घरभर झाली. पोराने तोच हात डोळ्याला लावला. रात्री डॉक्टरकडे पळालो. डोळा बरा आहे गं, पण आता सून त्याला माझ्याजवळ क्राफ्टला बसू देत नाही."

'कस्टमर नीड' मी बीबीएला पाठ केलं होतं. कळलं त्या दिवशी. आजींना नातवासोबत मजेत अर्धा तास घालवायचा होता. मी तो विकलाच नाही, नुसती पाकिटं विकली.

चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पातळ फिल्मचे बारीक तुकडे. डोळ्यात गेले की टोचतात, चोळलं तर ओरखडा पडू शकतो. म्हणून किट बनवताना मी हे ठरवलं:

१. सुटी चमकी बंद. त्याऐवजी ग्लिटर ग्लूची ट्यूब. चमकी गोंदातच असते, उडत नाही.

२. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हातात चमकी द्यायचीच नाही. त्यांनी खडूने रंगवायचं, चमकी आजीने लावायची.

३. किटमध्ये मोठ्या अक्षरातला मराठी कागद. पंखा बंद करा. खाली परात किंवा जुना पेपर ठेवा. झाल्यावर साबणाने हात धुवा. सांडलेलं झाडूने न झाडता ओल्या फडक्याने टिपा. डोळ्यात गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. तरी टोचत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

आता हिशोब. समजा तीन कार्डं, दोन ट्यूब, ब्रश, कागद आणि पिशवी मिळून ७० रुपये खर्च आला आणि किट १२० ला विकलं. म्हणजे ५० रुपये सुटले. त्यातून भाडं, लाइटबिल आणि तुमची मजुरीही निघायला हवी, हे विसरू नका. सुट्या पाकिटावर एवढं सुटतं का, स्वतःच मांडून बघा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून क्राफ्टच्या सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री बंद केली, कारण हे कण पाण्यात-मातीत जातात आणि परत गोळा करता येत नाहीत. तिकडे माल पाठवायचं स्वप्न असेल तर आधी हे वाचा. आणि आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. तुमचं किट 'खेळणं' ठरतं का, हे छपाईआधीच जाणकाराला विचारा. नंतर विचारणं महाग पडतं.

पहिलं किट मी त्या आजींना फुकट दिलं. महिन्याभराने त्यांची सून स्वतः आली. ट्यूबचं टोपण घट्ट बसतं का, माझ्यासमोर फिरवून बघितलं. मग दोन किटं घेतली. "एक आईंना, एक माझ्या आईला."

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या दुकानातली एक वस्तू उचला. ती घरी गेल्यावर कोणाच्या हातात पडते, काय सांडतं आणि ते कोण पुसतं, हे लिहून काढा. धंदा तिथेच सापडेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!