मुखपत्राचे वेळापत्रक आणि सणांचे पंचांग

व्यावसायिक संघटनांच्या मुखपत्रांना मराठी वाचनव्यवहारात मानाचे स्थान नाही. डॉक्टर, अभियंते, करसल्लागार, प्राध्यापक यांच्या संघटना आपापली मासिके वर्षानुवर्षे काढतात. ती सभासदांच्या घरी पोहोचतात आणि पुष्कळदा वेष्टनासकट पडून राहतात. तथापि सामान्य सभासद आणि कार्यकारी मंडळ यांना जोडणारा दुवा बहुधा हाच असतो. वार्षिक सभेची सूचना, निवडणुकीचा कार्यक्रम, जमाखर्चाचे पत्रक हे अनेक संघटनांत मुखपत्रातूनच सभासदांपुढे येते. अशा स्थितीत अंक रेंगाळणे ही केवळ गैरसोय ठरत नाही. सभेची सूचना सभा उरकल्यावर हाती पडली, की संघटना ज्यांना सर्व काही आधीच ठाऊक असते अशा मूठभरांची होऊन बसते.

अंक रेंगाळण्याचा हंगामही ठरलेला आहे. गणेशोत्सव ते दिवाळी या काळात मुखपत्रांची गाडी हमखास रुळावरून घसरते. संपादकांना विचारावे तर ते छापखान्याकडे बोट दाखवितात आणि छापखानदार लेखकांकडे. वस्तुतः दोष एकट्या कोणाचा नसून नियोजनाच्या अभावाचा आहे.

मागणीचा लोंढा

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी मुद्रणव्यवसायाच्या वर्षाला एक उंचवटा प्राप्त झाला. दिवाळी अंक, नव्या वर्षाच्या दैनंदिन्या, दिनदर्शिका आणि शुभेच्छापत्रे यांची कामे एकाच सुमारास अंगावर येतात. यंत्रे मात्र तेवढीच असतात आणि बांधणीचे कुशल हातही तेवढेच. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, की त्या दिवशी ती फिरत नाहीत. पावसाळी दमट हवेत कागद ओल धरतो, शाई वाळण्यास वेळ लागतो. पुरवठा ताठर आणि मागणी लोंढ्याने येणारी असली, की मोठ्या गिऱ्हाइकाला अग्रक्रम मिळतो, हा बाजाराचा साधा न्याय आहे. हजार प्रती छापून घेणारी जिल्हा संघटना रांगेच्या शेवटी उभी राहते, यात नवल नाही.

परंतु यंत्राहून अधिक दुर्मीळ असते ते मानद संपादकाचे आणि लेखकाचे श्रम. करसल्लागारांच्या संघटनेचे उदाहरण घ्यावे. जुलैअखेर व्यक्तिगत विवरणपत्रांची घाई, ३० सप्टेंबरला कर-लेखापरीक्षण अहवालाची मुदत, त्याच तारखेपर्यंत सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा आणि पाठोपाठ ३१ ऑक्टोबर. शासन प्रसंगी या मुदती वाढविते. पण वाढ आयत्या वेळी जाहीर होत असल्याने तिच्यावर विसंबून बेत आखता येत नाही. ज्या महिन्यांत सभासदाला लेख वाचावासा वाटतो, त्याच महिन्यांत तो लिहिण्यास कोणालाही फुरसत नसते.

दोन दिनदर्शिका

अडचणीचे मूळ असे, की कायद्याच्या मुदती इंग्रजी तारखांवर चालतात आणि सण तिथींवर. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते; २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ते १२ नोव्हेंबरला आले. गतवर्षीच्या तारखा पुढे ओढून यंदाचे वेळापत्रक करणारा संपादक म्हणूनच फसतो. मात्र तारखा सरकल्या तरी सणांमधील अंतर सहसा सरकत नाही. २०२२ साली अनंत चतुर्दशी ९ सप्टेंबरला आणि २०२३ साली २८ सप्टेंबरला होती. दोन्ही वर्षी तेथून लक्ष्मीपूजनापर्यंतचे अंतर ४५ दिवसांचेच होते. २०२० सारखा अधिक आश्विन मध्ये आला तरच हे गणित बदलते, आणि तोही पंचांगात आगाऊ दिसतो.

यातून नियोजनाचे सूत्र निघते. छपाईचा क्रम तिथीवर बांधावा आणि लेखनाचा तारखेवर. कालातीत लेख जूनअखेर हाती घ्यावेत. त्यांचे फर्मे गणेशोत्सवापूर्वीच छापून ठेवावेत. सूचना, निर्णय, हिशेब यांसाठी अखेरचा एकच फर्मा मोकळा राखून तो अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या आठवड्यात पुरा करावा. दिवाळी अंकांची खरी झुंबड उडण्यापूर्वी, घटस्थापनेच्या सुमारास अंक बांधून तयार होऊ शकतो. नोंदणीकृत नियतकालिकांना टपालदराची सवलत ठरलेल्या दिवशी अंक टपालात टाकण्याच्या अटीवर मिळते. तारीख चुकली, की संघटनेची वर्गणी टिकिटांत जाते, हेही विसरता कामा नये.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला जाहिरातींचा. शुभेच्छांच्या जाहिराती दिवाळीच्या तोंडावरच मिळतात, त्या सोडाव्या कशा? परंतु त्यांच्या उत्पन्नातून जादा छपाईदर आणि टपाल वजा जाता काय उरते, याचा हिशेब फारच थोड्या संघटना मांडतात. शिवाय जाहिरातदाराला हवा असतो तो दिवाळीपूर्वी पोहोचलेला अंक. तुळशीच्या लग्नानंतर मिळालेल्या शुभेच्छा त्याच्या काय कामाच्या? दुसरा आक्षेप असा, की हल्ली सूचना भ्रमणध्वनीवर क्षणात जाते, मग छापील अंकाचे एवढे अवडंबर कशासाठी? सूचना जाते हे खरे. पण सभा आहे एवढे कळणे निराळे आणि सभेत काय विचारावे हे कळणे निराळे. त्यासाठी हिशेब आणि त्यावरील चर्चा निवांतपणे वाचावयास मिळावी लागते. आणि अंक पडद्यावर काढला, तरी लेखकाची फुरसत काही वाढत नाही.

एवढे करूनही दोन महिन्यांचे अंक निभत नसतील, तर जोडअंक काढण्यात कमीपणा नाही. मात्र तो वर्षारंभीच जाहीर केलेला असावा. आगाऊ सांगितलेला जोडअंक हे नियोजन होय. उशीर झाकण्यासाठी मुखपृष्ठावर दोन महिन्यांची नावे छापणे ही सभासदांची फसवणूक होय. वर्गणी बारा अंकांची घ्यावयाची आणि नऊ द्यावयाचे, हा व्यवहार इतर कोणी केला तर हेच व्यावसायिक त्याला जाब विचारतील.

संघटनेच्या अंदाजपत्रकाला सर्वसाधारण सभेची मान्यता लागते. त्याच सभेपुढे मुखपत्राचे वर्षभराचे वेळापत्रकही ठेवण्याचा प्रघात पडावा. पैशाचा हिशेब देणाऱ्यांनी वेळेचाही हिशेब द्यावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.