अंगठ्याला कुलूप

पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कसा बदलणार? गावातल्या बँक मित्राकडे (बँकेच्या प्रतिनिधीकडे) पैसे काढायला आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा पुरतो. ओटीपी लागत नाही. भामट्यांनी नेमकं हेच हेरलं. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे ठसे सिलिकॉनमध्ये उतरवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे पोलिसांनी उघडकीस आणले आहेत. (आणि आपण खरेदीखताची झेरॉक्स बिनधास्त कुणालाही देतो!)

उपाय फुकट आहे. आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, गरजेपुरतं उघडा. ओळखीसाठी शेवटचे ४ आकडेच दिसणारं मास्क्ड आधार द्या. तरीही पैसे गेले, तर आधी १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.