पांढऱ्यातला पिवळा आणि पांढऱ्यातला राखाडी

दिवाळीआधी घराला रंग काढायचे ठरले, की शेडकार्डावरील बोट अखेर दोन फिकट छटांपाशी अडखळते. एक हस्तिदंती, म्हणजे दुकानदारांच्या भाषेतील आयव्हरी. दुसरी किंचित राखाडी झाक असलेली ऑफ-व्हाइट. कागदावरील इवल्याशा चौकोनात दोहोंतील फरक जाणवत नाही. भिंतीवर मात्र तो लपत नाही, आणि तोवर रंगाऱ्याची मजुरी देऊन झालेली असते.

दोन्हींचा पाया टिटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचाच. त्यात पिवळ्या आयर्न ऑक्साइडचा अंश पडला की आयव्हरी, काळ्याचा पडला की राखाडी. काही शेडकार्डांवर 'एलआरव्ही' हा आकडा असतो. पूर्ण काळ्यासाठी 0 आणि पूर्ण पांढऱ्यासाठी 100 अशी ती मोजपट्टी. दोन्ही छटांचा आकडा सारखाच निघू शकतो, कारण भिंत किती उजेड परत फेकते एवढेच तो सांगतो.

खरी मेख खोलीत असते. उजेड एका भिंतीवरून दुसरीवर आदळत राहतो आणि आयव्हरी प्रत्येक वेळी त्यातील थोडी निळाई शोषते. त्यामुळे कोपऱ्यांत ती कागदावरील नमुन्यापेक्षा अधिक पिवळी दिसते. उत्तरेच्या खिडकीतून आकाशाचा निळसर उजेड येतो. तिथे राखाडी छटा उदास वाटते, आयव्हरी सावरून घेते. पश्चिमेच्या दिवाणखान्यात सायंकाळी नेमके उलटे. रात्री 6500 केल्व्हिनच्या ट्यूबलाइटखाली राखाडी अधिकच थंड भासते, तर 2700 केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली आयव्हरी चक्क लोण्यासारखी. दाटीवाटीच्या मुंबईत दिशेचा हिशेबही पुरत नाही. समोरची इमारत दहा फुटांवर असेल, तर तिच्या भिंतीचा रंगच घरात शिरतो!

तेव्हा लहान डबा आणून दोन बाय दोन फुटांच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्यावेत. कडा कोऱ्या ठेवाव्यात, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग डोळ्यांना फसवत नाही. ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये. वाळलेला पुठ्ठा सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर वेगवेगळ्या भिंतींवर धरून पाहावा. छटा ठरल्यावर सर्व डबे एकाच बॅचचे घ्यावेत. ते कमी पडले, तर नवा डबा भिंतीच्या मध्यावर सुरू न करता कोपऱ्यापासून सुरू करावा.